पगारे यांच्या इंजिनाची गार हवा

गाडीला सुपरचार्जर बसवावा हा विचार मिलिंद पगारेच्या मनात पहिल्यांदा आला, तेव्हा तो माळशेज घाटात गाडी ढकलत होता. विचार करायला ही जागा तशी वाईट नाही. मान खाली असते, बोलायला दम उरलेला नसतो आणि डोळ्यांसमोर फक्त स्वतःच्याच गाडीची डिकी असते.

तो दिवस बुद्ध पौर्णिमेचा होता, साल दोन हजार दोन. मिलिंदची सासुरवाडी घाटापलीकडे, ओतूरच्या अलीकडच्या एका गावात. सासूबाई भिमाबाई चार दिवस लेकीकडे बदलापुरात राहून गावच्या विहारातल्या कार्यक्रमाला परत निघाल्या होत्या. गाडी बंद पडली तशा त्या खाली उतरल्या आणि सावली बघून उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी जावयाची वाकलेली पाठ पाहिली. मग मागून एसटी आली. भिमाबाईंनी पिशवी उचलली, हात केला, एसटीत चढल्या आणि खिडकीतून जावयाकडे बघून निरोपाचा हात हलवला. त्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, आणि तेच मिलिंदला सगळ्यात जास्त लागलं.

गाडी खरं तर मिलिंदची नव्हतीच. ती अप्पांची, म्हणजे त्याचे वडील किसन पगारे यांची. मोरिवलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढून अप्पा रिटायर झाले आणि फंडातून त्यांनी ही जुनी, चौकोनी, दुधी रंगाची गाडी घेतली. चालवायला ते कधी शिकले नाहीत. पुढच्या डाव्या सीटवर बसायला मात्र असे शिकले की तिथे त्यांच्या तोडीचा माणूस बदलापूरच्या अख्ख्या हेंद्रेपाड्यात नव्हता. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. घाटात जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता, गाडीच्या वयाचा आणि तिच्यात कोंबलेल्या माणसांचा होता.

मिलिंदची बायको यशोधरा नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. निकाल नुसता न सांगता अटीसकट लावायची तिला सवय. घरी आल्यावर पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या बुद्ध पौर्णिमेला घाटात एकाचाही पाय रस्त्याला लागला, तर गाडी भगवंतच्या हवाली."

भगवंत तिचा धाकटा भाऊ, राहणार विठ्ठलवाडी, धंदा जुन्या गाड्यांची दलाली. ह्या गाडीला त्याने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं: उल्हासनगरचा एक सरबतवाला. गाडीचं टप कापून आत काउंटर बसवायचा, स्टिअरिंगच्या जागी लिंबं पिळायचं यंत्र, असा त्याचा बेत होता.

"दाजी, विचार करा," भगवंत म्हणाला. "घाट चढण्यापेक्षा एका जागी उभं राहून लोकांची तहान भागवणं काय वाईट?"

अप्पा उठले. खाली जाऊन गाडीत बसले. रात्री जेवायलाही त्यांना खालून हाक मारावी लागली. मिलिंदने ते पाहिलं आणि ठरवलं की पुढच्या पौर्णिमेला ही गाडी घाट चढेल, आणि अशी चढेल की एसटी मागे राहील.

मिलिंद अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सांडपाण्याच्या प्लॅन्टवर सुपरवायझर होता. तिथे मोठाले ब्लोअर टाक्यांमध्ये हवा दाबून सोडायचे. दिवसभर त्या घुमणाऱ्या यंत्रांच्या सोबतीने राहिल्यामुळे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: इंजिन म्हणजेही एक भूक लागलेली टाकी. हवा जास्त कोंबा, ते जास्त ओढेल. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा, इंजिनालाच हवा भरवणारा ब्लोअर. असा एखादा लहानसा मिळाला पाहिजे, एवढंच.

उल्हासनगरात काय मिळत नाही. टेकचंदशेठच्या भंगाराच्या गाळ्यात, परदेशी इंजिनांच्या ढिगाखाली, पपईएवढा एक ब्लोअर निघाला.

"जापान का है, साईं," टेकचंदशेठ म्हणाले. "छोटी गाडी का. उधर औरतें इसको लेके सब्जी लाने जाती हैं."

"घाट चढेल का?"

"साईं, सब्जी ऊपर भी मिलती है."

एवढी तांत्रिक चर्चा झाल्यावर सौदा झाला. ब्लोअर बसवायला दिवाळी गेली, नाताळ गेला. पाइप इतके वर आले की बॉनेट बसेना. तेव्हा बॉनेट काढून वर गच्चीत नेलं, आणि उन्हाळा लागल्यावर यशोधरेने त्यावर कुरडया वाळत घातल्या. पत्रा छान तापतो, असं तिचं मत पडलं. ह्या सबंध उद्योगातली तिने मनापासून मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

जानेवारीतल्या थंडीत पाइपलाइन रोडवर गाडीची पहिली चाचणी झाली, आणि गाडी पळाली. मिलिंदने पाय दाबला की ब्लोअर शिट्टी घालायचा आणि अप्पांचं डोकं सीटवर मागे टेकायचं. अप्पा टोपी सांभाळत म्हणाले, "पुन्हा कर." त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं की शेवटी पेट्रोल संपलं.

मिलिंद महिनाभर हवेत होता. मार्चमध्ये तो खाली आला.

मार्चच्या दुपारी गाडी काढली की दहा मिनिटांत इंजिनातून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि जोर निघून जायचा. कारण साधं होतं आणि मिलिंदला ते माहीतही होतं, फक्त जानेवारीत आठवलं नव्हतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं. दाबलेली हवा तापते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कोंबायला घेतलं तेवढं आत जातच नाही. आणि जे जातं त्याने इंजिनात अवेळी भडका उडून ठोके बसतात. थोडक्यात, ब्लोअर एका हाताने वाढत होता आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घेत होता.

आधी हवा किती तापते ते मोजायला हवं. कंपनीत पाइपाला लावायचे डायलचे थर्मामीटर पडून होते. एक काही दिवसांसाठी घरी न्यायला मिलिंदने परत करण्याच्या बोलीवरचा गेटपास मागितला. स्टोअरच्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "पाइपातून वाहणारा पदार्थ, इथे काय लिहिलंय हे? हवा?"

"हो, साहेब."

"हवेचं तापमान कशाला हवं? वर्तमानपत्रात येतं की रोज."

साहेबांनी तो अर्ज सुरक्षा विभागाकडे पाठवला, सुरक्षाने तो पदार्थ ज्वालाग्राही आहे का अशी विचारणा करत परत पाठवला. 'नाही, पण तापते फार,' असं लिहायचा मिलिंदला फार मोह झाला. शेवटी 'वैयक्तिक अभ्यास' ह्या सदराखाली थर्मामीटर बाहेर आला आणि इंजिनात हवा शिरते त्या पाइपावर बसला. डायल काचेतून दिसेल अशी वळवली. पुढच्या डाव्या सीटवरच्या माणसाला बॉयलरची आयुष्यभराची सवय होती. डायल दिसल्याबरोबर अप्पा ताठ बसले आणि त्या क्षणापासून गाडी चालू असेपर्यंत रीडिंग सांगू लागले.

"सत्तर."

"बरं, अप्पा."

"अठ्ठ्याहत्तर. चढतंय."

"कळलं."

"पंच्याण्णव. आमच्याकडे पंच्याण्णवला भोंगा द्यायचे."

सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ खालच्या मजल्यावर राहायचे. ते एका मोठ्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. पार्किंगमध्ये कुणी स्पॅनर हातात घेतला की त्यांच्या अंगात प्रॉडक्शन मीटिंग संचारायची. मिलिंदच्या गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "पगारे, मूळ तत्त्व विसरलात. गरम हवा वर जाते. हवा ओढणारं तोंड खाली न्या."

तोंड खाली नेलं. मग गाडी मोरिवलीच्या गल्लीतून जाताना तिने रस्त्यावरची धूळ, एक पतंगाचा तुकडा आणि कुणाच्या तरी कोंबडीची दोन पिसं ओढली. दिनानाथ म्हणाले, तत्त्व बरोबर आहे, गल्ली चुकीची आहे. त्यांचा दुसरा सल्ला वाळ्याचा होता. जाळीपुढे वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी शिंपडायचं. गाडीला लग्नाच्या हॉलसारखा घमघमाट सुटला. तापमान उतरलं ते फक्त ब्लोअरच्या अलीकडे. पलीकडे जाऊन हवा पुन्हा तापायची ती तापायचीच. पण हेंद्रेपाड्यातल्या दोन बायकांनी थांबून यशोधरेला विचारलं की अत्तर कुठलं.

मग अप्पांचा उपाय. त्यांनी ब्लोअरच्या पुढच्या पाइपाला ओलं गोणपाट गुंडाळलं. कारखान्यात सगळं गोणपाटानेच गार करायचे, म्हणे. गोणपाटातलं पाणी पट्ट्यावर ठिबकलं, पट्टा घसरू लागला आणि असा किंचाळू लागला की हेंद्रेपाड्यातली कुत्री साथ द्यायला धावून आली. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर नोटीस लागली: 'पार्किंगचा वापर औद्योगिक कामासाठी केल्यास सर्वसाधारण सभा बोलावण्यात येईल.' खाली सही दिनानाथांची. सल्ला देणारा हात आणि नोटीस काढणारा हात एकच असला तरी दोघांची खाती वेगळी, अशी त्यांची समजूत होती.

पौर्णिमा जवळ येत चालली. भगवंत अधूनमधून येऊन गाडीचा पत्रा बोटाने वाजवून जायचा.

मिलिंद पुन्हा टेकचंदशेठकडे गेला. सगळं ऐकून शेठनी आतून एक ॲल्युमिनियमची चपटी पेटी आणली. आत नळ्यांचं जाळं. एका आइस्क्रीमच्या दुकानाच्या काउंटरमधलं होतं ते.

"इसके अंदर से तुम्हारी गरम हवा जाएगी. नलियों में ठंडा पानी घूमेगा. पानी के लिए ये छोटी मोटर. और पानी ठंडा रखने को ये डब्बा. कुल्फीवाले का है. बर्फ डालो, साईं, और भूल जाओ."

ह्या 'भूल जाओ'वर पुढचं सगळं रामायण उभं राहिलं, पण तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता. ॲल्युमिनियमची पेटी पुढे इंजिनावर बसली. बर्फाचा डबा कुल्फीवाल्याच्या हिशेबाने चांगला ऐसपैस होता, तो मागच्या सीटवर मधोमध ठेवावा लागला. डब्यातल्या मोटरीपासून दोन रबरी नळ्या डॅशबोर्डाखालून पुढे इंजिनाकडे. बर्फ भरला, मोटर लावली, आणि एप्रिलच्या भर दुपारी गाडी पाइपलाइन रोडला काढली.

"पन्नास," अप्पा म्हणाले. मग डायलच्या दिशेने पुढे वाकले. मग अविश्वासाने म्हणाले, "पंचेचाळीस. मिलिंद, उतरतंय."

जानेवारीची गाडी परत आली होती. मिलिंदने काच खाली करून गरम वारा तोंडावर घेतला. जगात कुठे का असेना, एके ठिकाणी हवा गार आहे आणि ती त्याच्या इंजिनात आहे, ह्याचं सुख त्याला आवरेना.

पण बर्फाने भरलेला डबा मे महिन्यात पार्किंगमध्ये उभा आहे, ही बातमी दडत नाही. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरून पन्ह्यासाठी चार खडे मागायला कुणीतरी आलं. मग कुणाचा पाय मुरगळला. मग दिनानाथांकडे पाहुणे आले. त्यांच्या सौ. मालिनी स्टीलची बादली घेऊन स्वतः खाली आल्या आणि जाताना म्हणाल्या, "ह्यांचं काही मनावर घेऊ नका हं." संध्याकाळी फळ्यावरची नोटीस उतरली. तिच्या जागी पाणी जपून वापरण्याची विनंती आली. मिलिंदच्या लक्षात आलं की दिवसभरात गाडी अजिबात न हलवतादेखील निम्मा बर्फ लोकांच्या पेल्यांतून निघून जातो. पण सोसायटीत त्याला आता येता-जाता नमस्कार मिळत होते, आणि नमस्काराचीही एक किंमत असतेच.

पौर्णिमेच्या सकाळी बर्फाची नवी लादी फोडून डबा काठोकाठ भरला. भगवंत विठ्ठलवाडीहून पांढरा कुर्ता-पायजमा घालून आला होता. हातात कागदात गुंडाळलेला मोठा भारा.

"काय आणलंस?" मिलिंदने विचारलं.

"कमळं. कल्याणच्या बाजारातली. आईने विहारातल्या बायकांना कबूल केलीत. पांढरीच हवीत म्हणते."

मागच्या वर्षी भगवंतने नेलेली कमळं घाटापलीकडे पोचेपर्यंत उकडून मऊ झाली होती. भिमाबाईंनी ते त्याला वर्षभर, बहुतेक जेवणाच्या ताटावर, ऐकवलं होतं. यशोधरेने भारा सोडला आणि बर्फाच्या डब्याचं झाकण उघडलं.

"अगं, तो डबा इंजिनाचा आहे," मिलिंद म्हणाला.

"आहेच की. मी कुठे काढून घेतेय?" असं म्हणत तिने कमळं दांड्यांसकट गार पाण्यात सोडली. वर मोगऱ्याचे गजरे ठेवले. गजऱ्यांवर दह्याचं भांडं. "इंजिनाला जेवढं गार लागतं तेवढंच ह्यांना लागतं. जास्त नाही मागत."

मिलिंदने इंजिनाच्या वतीने झाकण लावून टाकलं.

गाडी बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडकडे निघाली. पुढे मिलिंद आणि अप्पा. मागे यशोधरा आणि भगवंत, मध्ये डबा, आणि त्यातून गळणाऱ्या पाण्यात भगवंतचा उजवा पाय. मुरबाडच्या पुढे एका हवालदाराने हात केला. बॉनेट नसलेली गाडी, तिच्यात फिरवलेल्या नळ्या आणि मागून पाण्याची धार. मच्छी असणार, अशी त्याची खात्री होती.

"खाजगी गाडीत मासळी नेता येत नाही."

यशोधरेने झाकण उघडलं. हवालदाराने दह्याखालच्या गजऱ्यांखालची कमळं पाहिली, मग पुढे जाऊन इंजिन पाहिलं, मग अप्पांना पाहिलं.

"चव्वेचाळीस," अप्पा त्याला म्हणाले.

हवालदाराने वही मिटली. त्याने फक्त आपल्या पाण्याच्या कॅनसाठी थोडा बर्फ घेतला आणि गाडी सोडली. थोडा म्हणजे कॅनचं तोंड बरंच मोठं होतं.

घाट लागला तेव्हा बारा वाजायला आले होते आणि कातळ तव्यासारखे तापले होते. गाडी मात्र शिट्टी घालत चढत होती. मागच्या वर्षी जिथे ती बंद पडली ते वळण आलं. भगवंतने मोबाइल खिशात ठेवला. वळण मागे पडलं. मिलिंदने आरशात यशोधरेकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती, पण तिच्या गालावर हसू होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती जरा जास्तच बाहेर बघत होती.

"पन्नास," अप्पा म्हणाले.

मिलिंदने कान टवकारले. मोटरीची गुणगुण बंद झाली होती.

"छप्पन्न. चढतंय."

"भगवंत, डब्यात बघ. पाणी फिरतंय का?"

भगवंतने दही मांडीवर घेतलं आणि हात घातला. "मोटर गप्प आहे, दाजी. तोंडाशी मोगऱ्याच्या पाकळ्या बसल्यात." त्याने ओढलं, तेव्हा पाकळ्या निघाल्या आणि त्यांच्यामागे मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा आला, बराचसा दोरा मोटरीच्या आतच राहिला. मोटर मेली होती.

"बासष्ट."

आता हे असं होतं. गाडी थांबवून दुरुस्ती करावी, तर चढावर गाडीचा हँडब्रेक निव्वळ शोभेचा. थांबायचं तर कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावायला हवा. म्हणजे पाय रस्त्याला. म्हणजे सरबत. आणि न थांबता जावं, तर हवा तापत चाललेली, फुटाणे वाजायला सुरुवात झालेली, आणि घाटाचा माथा अजून वर.

"सत्तर," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बॉयलरवर ठेवतात तसा सपाट होता, पण टोपी त्यांनी काढून मुठीत धरली होती.

मिलिंदने पहिला गिअर टाकला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढू लागली. "पेटीवर वरून गार पाणी पडलं तरी चालेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नळ्यांतून नाही तर नाही. पण ओतणार कोण? ती आहे पुढे, इंजिनावर."

यशोधरेने पिशवीतून तांब्या काढला. मग ती वर्गातल्या आवाजात म्हणाली, "भगवंत, खिडकीतून बाहेर हो. मडगार्डवर बस."

"ताई, पांढरे कपडे."

"गाडी थांबली तर दगड कोण लावणार? मग ढकलणार कोण? आणि तोवर ही फुलं कुठं राहतील? आईला काय सांगशील?"

ह्यातल्या शेवटच्या प्रश्नाने काम केलं. भगवंत खिडकीतून निघू लागला. पोटाशी आल्यावर तो थोडा वेळ अडकला. अप्पांनी मागे वळून त्याला तळव्याने नेट दिला आणि तो बाहेर सरकून, टपाला धरत, पुढच्या मडगार्डवर जाऊन बसला. बॉनेट नव्हतंच, त्यामुळे इंजिन त्याच्यापुढे वाढून ठेवल्यासारखं होतं. मग यशोधरेने तांब्या डब्यात बुडवला, अप्पांच्या हातात दिला, अप्पांनी खिडकीतून भगवंतला दिला आणि भगवंतने तो पेटीवर ओतला.

"पट्ट्यावर नको," मिलिंद ओरडला. "पेटीवर."

पट्टा एकदा किंचाळला, मग गप्प झाला. वाफ उठली आणि भगवंत तिच्यात नाहीसा झाला. वाफ विरली तेव्हा त्याच्या कुर्त्यावर तेलाच्या काळ्या रेघा उठल्या होत्या.

"त्रेसष्ट," अप्पा म्हणाले. "देत राहा."

वरून उतरणाऱ्या एका जीपमधल्या माणसांनी थांबून हे दृश्य पाहिलं. बॉनेट नसलेली गाडी, मडगार्डवर पांढऱ्या कपड्यातला माणूस, हातात तांब्या. त्यांच्यातल्या एकाने नमस्कार केला. भगवंतने ओल्या हाताने परत केला.

डबा रिकामा होत चालला. बर्फ तर हवालदारापासून घसरणीलाच लागला होता. आता पाणीही तळाला गेलं. यशोधरेने आत पाहिलं. तळाशी थोडं गार पाणी आणि त्यात उभी असलेली कमळं, अजून टवटवीत. तिचा हात तांब्यावर थांबला. मिलिंदने आरशात ते पाहिलं. मागावं असं त्याला वाटलं, पण त्याने मागितलं नाही. घाटात गाडी ढकलल्यापासून त्याने जे वर्षभर साठवलं होतं, ते सगळं त्या तांब्याभर पाण्यावर येऊन टेकलं होतं. आणि दुसऱ्या बाजूला तिची आई होती.

"पंच्याऐंशी," अप्पा म्हणाले, आणि डायलवरची नजर काढून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

यशोधरेने कमळं उचलली. पदर डब्यातल्या पाण्यात भिजवला, कमळं त्यात गुंडाळून मांडीवर घेतली, आणि उरलेलं सगळं पाणी अप्पांच्या हाती दिलं.

"सगळं?" अप्पांनी विचारलं.

"सगळं."

भगवंतने ते मोजून, थोडं थोडं, औषध पाजल्यासारखं ओतलं. गाडी खाकरली, दचकली, दोन-तीन ठोके जोरात बसले. मग रस्ता सपाट झाला आणि पलीकडच्या बाजूने, दऱ्यांवरून आलेला वारा सरळ इंजिनावर आला. बॉनेट नव्हतं ते एका अर्थी बरंच झालं.

"चौऱ्याहत्तर," अप्पा म्हणाले. मग टोपी घातली. "अडुसष्ट."

माथ्यावर आल्यावर भगवंतच्या खिशातला मोबाइल वाजला. सरबतवाला होता. भगवंतने ओल्या कुर्त्यातून तो काढला, बहिणीकडे पाहिलं आणि मिलिंदकडे न बघता म्हणाला, "शेठ, संध्याकाळी सांगतो." पाय रस्त्याला लागला का नाही, ह्यावर निकाल द्यायचा अधिकार एकट्या यशोधरेचाच होता, आणि तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. मिलिंदने बारकाईने विचार केला. भगवंत बाहेर पडला हे खरं. पण खाली उतरला नाही, हेही खरं. अशा मुद्द्यावर लोक न्यायालयात वर्षानुवर्षं घालवतात. भगवंत मात्र उतरायलाच तयार नव्हता. घाट कुठे संपतो ह्यावर वाद नको म्हणून, की मांडीपाशी पायजमा उसवला होता म्हणून, हे त्याने सांगितलं नाही. तो गावापर्यंत मडगार्डवरच बसून आला.

विहारापुढे गाडी उभी राहिली तेव्हा बायका जमल्या होत्या. भिमाबाई पुढे आल्या. मुलाला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या अंगावर पांढरं असं काही शिल्लक राहिलेलं नव्हतं.

"गाडी बंद पडली?"

"नाही, आई."

"मग बाहेर का बसलायस?"

"हवा गरम होत होती," भगवंत म्हणाला.

"मग काचा खाली करायच्या."

मिलिंद खाली उतरला. दाबलेल्या हवेचं काय होतं हे समजावून सांगायला त्याने सायकलच्या पंपाचं उदाहरण नुकतंच सुरू केलं होतं, तोच यशोधरेने पदर उलगडला. कमळं कोरीच्या कोरी होती. एकाचीही मान वाकलेली नव्हती. भिमाबाईंनी एक उचलून उन्हात धरलं, बोटाने पाकळी दाबून पाहिली, आणि मग जावयाकडे पाहिलं. असं त्यांनी मिलिंदकडे ह्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, जवळपास आदराने.

"जावईबापू, फुलं एवढी गार ठेवणारी गाडी आमच्या अख्ख्या तालुक्यात नाही," त्या म्हणाल्या, आणि बायकांकडे वळल्या. "ती पेटी बघा पुढची. फुलांसाठी बसवून घेतलीय त्यांनी."

मिलिंदने तोंड उघडलं. ब्लोअर, पट्टा, पंच्याण्णव अंश, गेटपास, एवढं सगळं त्याच्या जिभेवर होतं. सबंध वर्ष त्याने जिच्यासाठी घालवलं ती ताकद कुणाच्या हिशेबातच नव्हती. जमा धरला होता तो फक्त गारवा.

"बरोबर," तो म्हणाला. "फुलांसाठीच."

यशोधरा कमळं घेऊन विहाराच्या पायऱ्या चढू लागली होती. अर्ध्यावर ती थांबली. मागे न वळता, फळ्यावर गृहपाठ लिहून द्यावा तशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी मोटरीला जाळी बसवा. आणि डबा मोठा घ्या. हा पुरत नाही."

अप्पा गाडीतून उतरलेच नव्हते. 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकल्यावर त्यांनी सीट थोडी मागे सरकवली आणि पाय पसरले.

"मोठा डबा म्हणजे मागची सीट गेली," मिलिंद हिशेब करत म्हणाला. "मग भगवंत बसणार कुठे?"

भगवंत मडगार्डवरून सावकाश खाली उतरत होता. एका हाताने उसवलेला पायजमा धरलेला, दुसऱ्या हाताने सरबतवाल्याला नकार कळवायला नंबर लावत होता.

"माझी काळजी करू नका, दाजी," तो म्हणाला. "मी एसटीने येईन."